उपदेश बाजूला ठेवला, तेव्हा 'हम लोग' चाललं

सरकारी योजनांच्या प्रेसनोट रोज माझ्याकडे येतात. त्यात योजना असते, माणूस नसतो. अशा वेळी मला मनोहर श्याम जोशी आठवतात.

जोशी मूळचे आमच्याच धंद्यातले, 'साप्ताहिक हिंदुस्तान'चे संपादक. ७ जुलै १९८४ ला दूरदर्शनवर सुरू झालेली 'हम लोग' त्यांनीच लिहिली. कल्पना आणली होती आपल्या वसंत साठेंनी, १९८२ च्या मेक्सिको दौऱ्यातून. तिथं मालिकांतून कुटुंबनियोजनाचा प्रचार व्हायचा, तसाच इथंही करायचा होता. पण सुरुवातीच्या भागांत उपदेश इतका ठासून भरला की लोक कंटाळले.

मग जोशींनी प्रचार मागे सारला. दारुडा बसेसर राम, लग्नाला आलेली बडकी, नोकरीसाठी वणवणणारा लल्लू, त्या घरातली पैशांची ओढाताण पुढे आली. प्रेक्षकांच्या पत्रांचा ढीग पडू लागला. दीडशेच्या वर भाग झाले. १९८६ मध्ये त्यांनीच 'बुनियाद' लिहिली. तीत फाळणी दिसली ती एका घराच्या उंबऱ्यावरून.

लोकांना काही पटवायचं असेल, तर आधी त्यांच्या घरात काय शिजतंय ते बघावं लागतं. हे चाळीस वर्षांपूर्वी एका लेखकाला कळलं. आपल्या प्रेसनोट लिहिणाऱ्यांना कधी कळणार?