यूपीआय तुमच्याच फोनवर का चालतं? ‘डिव्हाइस बाइंडिंग’ समजून घ्या

फोनपे, गूगल पे किंवा भीम अ‍ॅप नव्या मोबाईलमध्ये टाकलं, की ते आधी सिम निवडायला सांगतं. मग फोनमधून एक मेसेज आपोआप जातो. अनेकांना ही नुसती नोंदणी वाटते. प्रत्यक्षात त्या मेसेजमुळे सिम आणि हँडसेट यांची गाठ बांधली जाते. यालाच ‘डिव्हाइस बाइंडिंग’ म्हणतात. त्यामुळे तुमचा यूपीआय पिन कुणाला कळला, तरी नुसत्या पिनवर दुसऱ्या फोनवरून पैसे पाठवता येत नाहीत.

भामटे काय करतात?

ही गाठ ते आपल्याच हातून सोडवून घेतात. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पीएम किसान’, ‘आरटीओ चलन’ किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने फाइल येते. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल, तर ती पत्रिका नव्हे, अ‍ॅप असतं. ते टाकून मेसेजची परवानगी दिली, की ओटीपी भामट्याकडे जातात आणि तुमच्या सिमवरून त्याला मेसेजही पाठवता येतो. मग त्याच्या फोनवर तुमच्या नंबरचं यूपीआय सुरू होऊ शकतं. पुढे डेबिट कार्डाचे आकडे किंवा आधार क्रमांक विचारला जातो, तो नवा पिन बनवण्यासाठी. ‘हा मेसेज अमुक नंबरवर पाठवा’ असं कुणी सांगितलं, तरी डाव तोच असतो.

अशी फाइल उघडली गेलीच, तर लगेच इंटरनेट बंद करा, सिम काढा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा.

फोन हरवला तर

प्रत्येक हँडसेटला १५ आकडी आयएमईआय नंबर असतो. *#०६# डायल केलं की तो दिसतो. खोक्यावरही छापलेला असतो. आजच वहीत लिहून ठेवा. दोन सिमच्या फोनला असे दोन नंबर असतात, दोन्ही लिहा.

फोन गेला, तर आधी सिम बंद करून घ्या आणि बँकेला सांगून यूपीआय थांबवा. मग पोलिसांत तक्रार द्या. तक्रारीची प्रत जोडून केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर हँडसेट ब्लॉक करता येतो. ब्लॉक झालेल्या फोनवर देशात कुठलंच सिम चालत नाही. फोन सापडला, तर तिथूनच पुन्हा सुरू करता येतो. जुना फोन विकत घेतानाही त्याचा आयएमईआय ‘संचार साथी’वर तपासा.

पैसे गेले असतील, तर वाट न पाहता १९३० वर फोन करा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम पुढे जाण्याआधी थोपवण्याची शक्यता जास्त.