यकृत विद्रधी, गिळलेल्या वस्तूमुळे होणारा

यकृत विद्रधी, गिळलेल्या वस्तूमुळे होणारा : नकळत पोटात गेलेली टोकदार वस्तू पचनमार्गाची भिंत भेदून यकृतात शिरल्यामुळे तेथे होणारे पुवाचे गळू. हा विकार दुर्मिळ असून त्याची पहिली नोंद लँबर्ट यांनी १८९८ मध्ये केली.

कारणे : माशाचा काटा, टूथपिक, कोंबडीचे हाड व शिवणाची सुई या वस्तू मुख्यतः आढळतात. गिळलेल्या बहुतेक वस्तू आठवडाभरात शौचावाटे पडून जातात. भिंत भेदली जाण्याचे प्रमाण एक टक्क्याहून कमी असते. छिद्र बहुधा जठराला किंवा ग्रहणीला (लहान आतड्याच्या आरंभीच्या भागाला) पडते. यकृताचा डावा खंड जठराला लागून असल्याने गळू बहुतेकदा त्यातच होते. वस्तूबरोबर तोंडातील स्ट्रेप्टोकॉकस किंवा आतड्यातील ई. कोलाय, क्लेब्सिएला हे जंतू यकृतात पोहोचतात. कवळी लावणाऱ्यांना घासातला काटा टाळूला जाणवत नाही, त्यामुळे त्यांना धोका अधिक असतो. घाईने किंवा मद्याच्या अमलाखाली जेवणाऱ्यांनाही तो संभवतो.

लक्षणे : थंडी वाजून ताप, पोटाच्या वरच्या भागात दुखणे, भूक मंदावणे, ओकाऱ्या आणि वजन घटणे. कावीळ क्वचितच दिसते. छिद्र बारीक असून लवकर बुजते, म्हणून सुरुवातीला त्रास जाणवेलच असे नाही. ताप येईपर्यंत कित्येक आठवडे, कधी महिनेही लोटतात. तोवर काटा गिळल्याचे रुग्णाच्या ध्यानातही नसते.

निदान : भारतात अमीबाजन्य यकृत विद्रधी नेहमी आढळतो, तो बहुधा उजव्या खंडात होतो व मेट्रोनिडॅझोलने आटोक्यात येतो. डाव्या खंडातील गळू औषधांना दाद देत नसेल किंवा निचरा करूनही पुन्हा भरत असेल, तर आत वस्तू असल्याची शंका घ्यावी लागते. सीटी स्कॅनमध्ये काटा बारीक पांढऱ्या रेषेसारखा दिसतो; कधी त्याचे एक टोक जठराच्या भिंतीत आणि दुसरे गळवात असते. लाकडी टूथपिक साध्या क्ष-किरण चित्रात दिसत नाही.

उपचार : प्रतिजैविके देतात आणि नळी घालून पुवाचा निचरा करतात. मात्र वस्तू आत राहिल्यास गळू पुन्हा उद्‌भवण्याचा संभव असतो, म्हणून ती काढणे हाच मुख्य उपचार होय. टोक जठरात असल्यास दुर्बिणीने, एरवी दुर्बिणीच्या किंवा पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेने ती काढतात.

प्रतिबंध : घशात काटा अडकल्यास भाताचा गोळा किंवा केळे गिळून तो खाली ढकलण्याची रीत आहे. त्याने काटा अधिक खोल रुतू शकतो. तो कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून काढून घेणे इष्ट.