शब्दांवाचून हसवणारी रेषा : शि. द. फडणीस

दिवाळीच्या फराळाबरोबर घरात दिवाळी अंक यावा, हा मराठी प्रघात का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली पाडला. या अंकांच्या मुखपृष्ठांवर पुढे कित्येक वर्षे समई, पणती आणि सालंकृत युवती यांचेच राज्य होते. त्या राज्यात हास्यचित्राला मानाचे आसन मिळवून दिले ते शिवराम दत्तात्रेय ऊर्फ शि. द. फडणीस यांनी. राजकारणावर कोरडे न ओढता, कोणाच्या वर्मावर बोट न ठेवता आणि बहुतेक वेळा एकही शब्द न लिहिता हसवणे, हे त्यांच्या कलेचे वैशिष्ट्य. २९ जुलै २०२५ रोजी त्यांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण झाली. निरुपद्रवी विनोदाला कला म्हणून कितपत मोल असते, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या चित्रांतून शोधण्यासारखे आहे.

जडणघडण

फडणीस यांचा जन्म १९२५ साली बेळगाव जिल्ह्यातील भोज या गावी झाला. शालेय शिक्षण कोल्हापुरात झाले. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांच्यामुळे ‘कलापूर’ म्हणून नावाजलेल्या या शहरात चित्रकलेची आवड रुजायला पोषक वातावरण होते. पुढे मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत त्यांनी उपयोजित कलेचे शिक्षण घेतले. जाहिरातीच्या चित्राला आपला आशय क्षणार्धात पोचवावा लागतो. पाहणाऱ्याला थांबायला सवड नसते. चित्रातील अनावश्यक ते सारे गाळण्याची ही शिस्त त्यांच्या हास्यचित्रांनाही उपकारक ठरली. त्यांची रेषा स्वच्छ आणि वळणदार, रंग सपाट पण प्रसन्न. विद्यार्थिदशेतच त्यांची चित्रे मासिकांतून प्रसिद्ध होऊ लागली होती. पुढे पुणे हीच त्यांची कर्मभूमी झाली.

उंदीर, मांजर आणि बसथांबा

‘हंस’, ‘मोहिनी’ व ‘नवल’ या मासिकांचे संपादक अनंत अंतरकर यांनी फडणीस यांच्यातील हास्यचित्रकार हेरला. ‘मोहिनी’च्या १९५२ च्या दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ आजही जाणकारांच्या स्मरणात आहे. बसथांब्यावर एक तरुण आणि एक तरुणी उभी आहेत. एकाच्या कपड्यांवर मांजरांची नक्षी, दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदरांची. चित्रात एवढेच आहे. कपड्यांवरची नक्षी म्हणजे निर्जीव छाप. परंतु दोन नक्ष्या शेजारी येताच पाहणाऱ्याच्या मनात पाठलाग सुरू होतो. विनोद कागदावर पूर्ण होत नाही, तो प्रेक्षकाने पूर्ण करायचा असतो. म्हणूनच त्याला मथळ्याची गरज भासत नाही.

या एका चित्रात फडणीस यांच्या पुढील निर्मितीचे सूत्र सापडते. त्यांच्या कल्पनांचे उगमस्थान कोणत्याही मध्यमवर्गीय घरात किंवा रस्त्यावर आढळणारे आहे. कपडे, भांडीकुंडी, वाहने, पाळीव प्राणी, घरातले नवरा-बायको, दुकानापुढची गर्दी. वस्तूचा नेहमीचा उपयोग क्षणभर विसरून तिच्या आकाराकडे, तिच्या शेजाऱ्याकडे पाहायचे, आणि वास्तवाचा एकच नियम किंचित वाकवायचा; बाकी सारे मात्र नेहमीसारखेच ठेवायचे. सगळेच नियम मोडले तर ती केवळ अद्भुत कल्पना होते. एकच मोडला, की हसू फुटते.

‘मोहिनी’च्या मुखपृष्ठांशी त्यांचे नाते अनेक दशके टिकले. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’ या प्रवासवर्णनातील चित्रेही त्यांचीच. १९६५ साली मुंबईच्या जहांगीर कलादालनात त्यांच्या चित्रांचे ‘हसरी गॅलरी’ हे प्रदर्शन भरले. मासिकाच्या पानावरचे हास्यचित्र कलादालनाच्या भिंतीवर आले, हे त्या काळी नवलाचेच होते. शब्दांचा आधार नसल्याने या चित्रांना भाषेची सीमाही आडवी आली नाही. ‘चित्रहास’ या सप्रयोग कार्यक्रमातून त्यांनी हास्यचित्राची घडण श्रोत्यांसमोर उलगडून दाखवली.

गणिताच्या पानांवर

कलादालनाला भेट देणारा वर्ग मर्यादित असतो. फडणीस यांचे सर्वांत मोठे दालन वेगळेच होते. ‘बालभारती’ने त्यांच्याकडून प्राथमिक शाळांच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकांसाठी चित्रे काढून घेतली आणि १९७० च्या दशकात हे हास्य थेट मुलांच्या दप्तरात जाऊन बसले. राज्यभरातील मराठी शाळांना पुस्तक एकच. त्यामुळे पुण्यातील पेठेतल्या मुलाला जी चित्रे मिळाली, तीच दौंड तालुक्यातील पाटसच्या मुलालाही मिळाली. मुंबईचे कलादालन ज्याने कधी पाहिले नाही, त्याच्याही हाती या चित्रकाराचे काम पोचले.

हे काम वाटते तितके सोपे नव्हते. अंक ही अमूर्त कल्पना आहे. मुलाला ती आकळते वस्तू मोजताना. तेव्हा चित्रातील वस्तूंची संख्या अचूक हवी, उदाहरणाशी चित्राचा मेळ हवा आणि विनोद असा हवा की मूल हसेल, पण हसण्याच्या नादात गणित विसरणार नाही. शोभेसाठी काढलेले चित्र पुसले तरी पाठाचे काही बिघडत नाही; येथे चित्र हाच पाठाचा भाग होता. गणिताची धास्ती हा आपल्या शिक्षणाचा जुना आजार. त्यावर छडीऐवजी हसऱ्या रेषेचा उपाय करून पाहण्यात आला, हे या पुस्तकांचे महत्त्व.

हास्यचित्राचे मोल

मराठीत व्यंगचित्राचे प्रवाह अनेक. बाळासाहेब ठाकरे यांनी १९६० साली ‘मार्मिक’ काढून राजकीय व्यंगचित्राला धार दिली. पेशाने अभियंता असलेल्या वसंत सरवटे यांनी (१९२७-२०१६) साहित्यव्यवहाराला चिमटे काढले. मंगेश तेंडुलकर (निधन २०१७) पुण्याच्या चौकात उभे राहून वाहतुकीवरची व्यंगचित्रे वाहनचालकांच्या हाती देत. या प्रत्येकाच्या चित्राला काही लक्ष्य होते. फडणीस यांच्या चित्रांत बहुधा लक्ष्यच नसते. त्यामुळे टीका नसलेले हास्यचित्र म्हणजे केवळ करमणूक, असा आक्षेप घेता येतो.

पण काळाची कसोटी वेगळे सांगते. १९५२ सालचे राजकीय व्यंगचित्र आज समजून घ्यायचे, तर त्या वेळचे मंत्री, पक्ष आणि वाद यांची माहिती करून घ्यावी लागते. त्याच वर्षीचे उंदीर-मांजराचे मुखपृष्ठ मात्र आजच्या शाळकरी मुलालाही कोणी समजावून द्यावे लागत नाही. टीका ही त्या त्या काळाची गरज असते आणि ती हवीच. परंतु परिचित वस्तूकडे दुसऱ्यांदा पाहायला शिकवणे, हेही कलेचेच काम आहे. ‘मिस्किल गॅलरी’सारखी संग्रह-पुस्तके आणि ‘रेषाटन’ हे आठवणींचे पुस्तक यांतून या दृष्टीची ओळख नव्या वाचकाला होऊ शकते. त्यांतली चित्रे पाहून झाल्यावर रोजच्या बसथांब्यावरही नजर थोडी अधिक वेळ रेंगाळते.