अभिरुचिविचार (प्रबोधनकालीन)

अठराव्या शतकातील यूरोपीय विचारवंतांनी सौंदर्यविधानाच्या प्रामाण्याविषयी मांडलेले सिद्धांत. डेव्हिड ह्यूमने १७५७ च्या निबंधात ‘दोन किहोते’ या कादंबरीतील गोष्ट घेतली आहे : पिंपातल्या दारूला एकाला चामड्याची, दुसऱ्याला लोखंडाची चव लागते, लोक हसतात. पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामड्याची वादी बांधलेली किल्ली सापडते. जाणकाराच्या निवाड्याला वस्तूतच आधार असतो, हा ह्यूमचा मुद्दा. मात्र कवितेच्या तळाशी अशी किल्ली दाखवता येत नाही, ही त्यातली अडचण. इमान्यूएल कांटने १७९० मध्ये वेगळी वाट धरली. सौंदर्यविधान संकल्पनेवर आधारलेले नसूनही सर्वांच्या संमतीची अपेक्षा करते, असे त्याने म्हटले आणि फुलाचे स्वायत्त (कोणत्याही संकल्पनेवर न अवलंबणारे) सौंदर्य घोडा, इमारत यांच्या परायत्त (वस्तू कशी असावी या संकल्पनेवर अवलंबून असलेल्या) सौंदर्यापासून वेगळे केले.

मराठीत या विचाराची सर्वांत कसदार चिकित्सा रा. भा. पाटणकर यांच्या ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात आढळते. त्याला १९७५ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. कला जीवनापासून अलग मानणारा आणि जीवनाशी जोडणारा अशा दोन ध्रुवांमध्ये सौंदर्यविचार फिरतो, अशी त्यांची मांडणी आहे. बा. सी. मर्ढेकरांचा, कलाकृतीच्या अंतर्गत रचनेत सौंदर्य शोधणारा लयसिद्धांत त्यांतील पहिल्या ध्रुवाजवळचा.