अदृश्य माणसाची सफर



जळकोटहून सोलापूरकडे निघाले की नळदुर्ग आणि अणदूर ही दोन गावे लागतात, आणि ह्या दोन्ही गावांचा खंडोबा एकच आहे, हे आपल्यापैकी कोणाला सांगावयास नको. मूर्ती सव्वादहा महिने अणदुरास आणि पावणेदोन महिने नळदुर्गास असते. देव घर बदलतो, पण देव तोच राहतो, अशी आपली श्रद्धा. गोष्ट जेव्हा घर बदलते तेव्हा ती तीच राहते काय, हा आज माझ्या बोलण्याचा विषय आहे. गोष्ट म्हणजे सिनेमाची गोष्ट. तिचे नवे घर म्हणजे करमणुकीच्या बागेतील हलत्या खुर्च्या, आणि अलीकडे तर डोळ्यांवर चष्मा चढवून करावयाची आभासी सफर.

हा विषय युनियनच्या माणसाला शोभेल काय, अशी शंका आपल्या एका कार्यकर्त्याने मला बोलून दाखविली. शंका रास्त आहे. माझे शाळेतील शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि हमाली-तोलाईच्या हिशेबांत. परंतु सिनेमाचा इतिहास वाचू लागलो तेव्हा मला त्यात आमचीच माणसे जागोजाग भेटू लागली. फक्त त्यांची नावे पाटीवर नव्हती.

मी पंधरा-सोळा वर्षांचा असेन. पौष पौर्णिमेला मैलारपूरच्या यात्रेत तंबूचा सिनेमा येई. एका बाजूस पुरुष, दुसऱ्या बाजूस बायका, मध्ये एक मळका पडदा आणि खाली गार जमीन. त्या तंबूत मी ‘मिस्टर इंडिया’ पाहिला. शेखर कपूर यांचा हा चित्रपट १९८७ च्या मे महिन्यात मुंबईस लागला होता. आमच्यापर्यंत पोचेतो त्याची रिळे इतकी झिजली होती की, पडद्यावर सारखा पाऊस पडतो आहे असे वाटावे! अनाथ पोरे सांभाळणारा, भाडे थकलेला अरुण, त्याच्या हाती लागलेले अदृश्य करणारे घड्याळ, आणि आपल्या बेटावर बसलेला मोगँबो, ही कथा आपणांस ठाऊक आहे. मोगँबोचे वाक्य पोरे वर्षभर घोळवीत होती. मला मात्र त्याहून धान्याचा प्रसंग आठवतो. धान्यात खडे मिसळणाऱ्याला तेच खडे खावयास लावतात, त्या वेळी तंबूत जो गलका उठला तसा मी पुढे एखाद्या सभेतच ऐकला. माझे वडील आडतीत पोती वाहत. खडे कोण मिसळतो आणि कोण खातो, हे आमच्या घरात कोणी शिकवावे लागत नव्हते.

माणूस अदृश्य झाला हे दाखवावयाचे कसे? आज हे काम संगणक करतो. त्या वेळी पीटर परेरा यांनी ते कॅमेऱ्याच्या आणि हातांच्या कौशल्यावर केले. ह्या विद्येची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. १९३७ मध्ये ‘ख्वाब की दुनिया’ ह्या चित्रपटात बाबूभाई मिस्त्री यांनी काळ्या धाग्याने वस्तू हालविल्या, आणि तेव्हापासून त्यांना ‘काला धागा’ हेच नाव पडले. तोही अदृश्य माणसाचाच चित्रपट होता. हवेत पेला तरंगतो आणि आपण टाळी वाजवितो. परंतु पेल्यामागे धागा असतो आणि धाग्याच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस उभा असतो. मला तर वाटते, चित्रपटातला खरा अदृश्य माणूस तोच.

दादासाहेब फाळक्यांच्या वेळीही हेच होते. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशनमध्ये लागला, हे पाठ्यपुस्तकात असते. परंतु रात्री अंधारात बसून फिल्मच्या कडेला भोके पाडणाऱ्या, रसायने कालविणाऱ्या आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या सरस्वतीबाई किती पुस्तकांत आहेत? स्त्रीची भूमिका करावयास बाई मिळेना, म्हणून ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीतील आचारी अण्णा साळुंके तारामती झाले. आचाऱ्याचा पगार दहा रुपये, तारामतीचा पंधरा, असे सांगतात. पाच रुपयांची ही वाढ म्हणजे आपल्या सिनेमातील पहिला वेतनकरार म्हणावयास हरकत नाही! पुढे १९१७ च्या ‘लंकादहना’त ह्याच साळुंक्यांनी राम आणि सीता अशी दोन्ही कामे केली. पगारही दुहेरी मिळाला काय, हे मी पुष्कळ शोधले.

आता सफरीकडे वळू. पडद्यापुढची सफर ही अगदी नवी गोष्ट आहे अशी आपली समजूत असते. वस्तुतः ती कथाचित्रपटाच्या बाल्यातलीच आहे. अमेरिकेत सेंट लुई येथे १९०४ मध्ये मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. तेथे जॉर्ज हेल नावाच्या गृहस्थाने एक खेळ मांडला. हा हेल कॅन्सस शहराच्या आगीच्या बंबांचा प्रमुख होता. त्याने आगगाडीच्या डब्यासारखी खोली केली, समोर पडदा लावला आणि धावत्या गाडीच्या तोंडावर कॅमेरा बसवून घेतलेली चित्रे त्यावर टाकली. डबा हलावयाचा, चाकांचा खडखडाट व्हावयाचा, दाराशी तिकीट तपासनिसाच्या वेषात माणूस उभा. लोक प्रवास न करता प्रवास करून येत. दोनतीन वर्षे हा खेळ फार चालला, लंडनलाही गेला. मग ओसरला. का ओसरला? डोंगर तोच, बोगदा तोच, हिसका तोच. दुसऱ्यांदा येणाऱ्याला पुढे काय होणार ह्याची उत्सुकता नव्हती. शेजारच्या खोलीत लहानसहान गोष्टी सांगणारी चित्रे लागू लागली होती, आणि लोक तिकडे गेले. आधी सफर होती, मागून गोष्ट आली आणि गोष्टीने सफरीला हरविले, असा हा क्रम आहे. आज सफर परत आली आहे. परंतु येताना ती गोष्टीचे नाव उसने घेऊन आली आहे.

हे परत येणे १९८७ पासून ठळक दिसते, आणि योगायोग असा की ‘मिस्टर इंडिया’चेही वर्ष तेच. त्या जानेवारीत कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये ‘स्टार वॉर्स’ ह्या गाजलेल्या चित्रपटमालेवर ‘स्टार टूर्स’ नावाची सफर सुरू झाली. तिचे यंत्र मुळात वैमानिकांना जमिनीवर बसून उड्डाण शिकविण्यासाठी केलेले होते. त्याची युक्ती समजावयास सोपी आहे. खोली सहा पायांवर उभी असते आणि ते पाय तेलाच्या दाबाने लांब-आखूड होतात. पडद्यावर यान वेग घेते त्याच क्षणी खोली मागे कलते. आपल्याच शरीराचे वजन पाठीवर पडते, आणि मेंदूची समजूत होते की आपण जोराने पुढे निघालो. खोली जागची हललेली नसते. कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला डोळ्यांच्या साक्षीने फसवावयाचे, एवढेच त्यात आहे.

हे यंत्र महाराष्ट्रात चित्रपटाच्या नावासह आले ते खोपोली-पाली रस्त्यावर, खालापूर तालुक्यात. एप्रिल २०१३ मध्ये तेथे ‘इमॅजिका’ नावाची भव्य बाग उघडली आणि तीत ‘मिस्टर इंडिया’वर एक सफर केली गेली. बाग उभारणारे मनमोहन शेट्टी हे मूळचे फिल्म धुण्याच्या धंद्यातले. त्यांनी १९७८ मध्ये ‘अ‍ॅडलॅब्ज’ ही प्रयोगशाळा काढली. ‘चक्र’ आणि ‘अर्धसत्य’ हे चित्रपटही त्यांच्याच निर्मितीतले. पहिला जयवंत दळवींच्या कादंबरीवरचा, दुसरा श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ कथेवरचा. म्हणजे आपल्या मराठी लेखकांनी लिहिलेली झोपडपट्टी आणि पोलीसचौकी ज्यांनी पडद्यावर आणली, त्यांनीच २००१ मध्ये वडाळ्यास आयमॅक्सचा घुमट उभारला आणि पुढे ही बाग. मी हे दोष म्हणून सांगत नाही. फिल्म धुण्याचा धंदा संपत आला होता; संगणकाने अंधाऱ्या खोल्या बंद पाडल्या आणि त्यांतील कामगारांची पिढी घरी बसली. मालकाला नवा धंदा शोधता येतो. रसायनांनी हात पिवळे झालेल्या माणसाला पन्नाशीत काय शोधता येते, हे मात्र मला विचारा.

बागेवर कर्जाचा बोजा झाला आणि २०२२ मध्ये ती संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेली. ह्याच समूहाची शिर्डीस ‘साई तीर्थ’ नावाची भक्तीची बाग आहे, आणि तेथे खुर्ची हलविणारा जो ‘फाइव्ह-डी’ खेळ आहे त्याचे नाव ‘लंकादहन’. फाळक्यांच्या चित्रपटाशी त्याचा संबंध नाही, कथा रामायणाची म्हणून नाव एक. तरी शंभर वर्षांनी तीच लंका पुन्हा पेटलेली पाहून गंमत वाटते.

काही वर्षांपूर्वी आम्ही बाजारातील हमालांच्या मुलांची सहल खोपोलीस नेली होती. ‘मिस्टर इंडिया’च्या सफरीत मीही बसलो. खुर्चीने मला दचकविले हे कबूल करतो, आणि पोरांच्या आनंदाला तर सीमा नव्हती. बाहेर आल्यावर आमच्याबरोबर आलेला एक जुना हमाल मला म्हणाला, “भाऊ, मोगँबो दिसला, पण खड्यांचं काय झालं?” मलाही तो प्रसंग तेथे दिसला नव्हता. ह्यात कोणाची लबाडी नाही. सफरीचा तो स्वभावच आहे. सफर काही मिनिटांची. ती कोणत्याही भाषेच्या माणसाला सारखीच कळावी लागते, आणि दिवसभर पुनःपुन्हा तशीच व्हावी लागते. गोष्टीतला जो भाग पोटाला झोका देतो तोच तिला उचलता येतो. भूक, थकलेले भाडे, बॉम्बने मारली गेलेली लहान टीना, ह्यांना वेळ लागतो. त्यांच्यासाठी मनुष्याला थोडा वेळ स्वस्थ बसावे लागते, आणि तेथे तर खुर्चीच स्वस्थ बसू देत नाही!

आता चष्म्याचे. १९६८ मध्ये अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर घालावयाचे पहिले यंत्र केले. ते इतके जड होते की छतापासून टांगावे लागे. आजचा चष्मा खिशात मावत नसला तरी हातात मावतो. डोके फिरवावे तसे दृश्य फिरते. आपल्या दारावरून जाणारा हा रस्ता हैदराबाद ओलांडून विजयवाड्याकडे जातो, त्यावर रामोजी फिल्म सिटी आहे. ‘बाहुबली’ तेथे घडला आणि त्याचे देखावे पुढे प्रवाशांना दाखविले जाऊ लागले. २०१७ मध्ये दुसऱ्या भागाबरोबर चष्म्यातून पाहावयाचा एक लहान खेळही त्या मंडळींनी केला. परदेशात तर २०१५-१६ च्या सुमारास धावत्या पाळण्यातच प्रवाशांच्या डोळ्यांवर हे चष्मे चढविण्याची लाट आली. अमेरिकेतील एका बागेने ‘सुपरमॅन’च्या पाळण्यावर तसे केले. परंतु पुष्कळ ठिकाणी दोनचार वर्षांत चष्मे उतरविले गेले. कारण मोठे बोलके आहे. प्रत्येक फेरीनंतर चष्मा पुसावा लागे, दुसऱ्याच्या डोक्यावर बसवावा लागे, पट्टा आवळावा लागे. रांग लांबे. सगळे जग आभासी करून दाखविणाऱ्या यंत्राचे घोडे शेवटी घाम पुसण्याच्या फडक्यापाशी अडले.

त्या फडक्याच्या मागे जो हात आहे त्याचे कायद्यात काय स्थान, असा माझ्या डोक्यात आलेला प्रश्न आहे. सिने-कामगार आणि चित्रपटगृह-कामगार यांच्यासाठी १९८१ मध्ये केंद्राने स्वतंत्र कायदा केला. पाच माणसे कामाला असलेल्या चित्रपटगृहालाही भविष्यनिर्वाह निधी लागू झाला, ही लहान गोष्ट नव्हती. दाराशी तिकीट फाडणारा आणि बॅटरी दाखवून खुर्ची दाखविणारा ह्यांना त्याने प्रथमच नाव दिले. पुढे २०२० च्या संहितेत तो कायदा सामावण्यात आला आणि ‘दृक्-श्राव्य कामगार’ असा नवा शब्द आला. आता मला सांगा, जेथे पडदा आहे, चित्रपट आहे, तिकीट आहे आणि खुर्चीही आहे, ते चित्रपटगृह की यंत्रशाळा? खुर्चीचा पट्टा तपासणारा मुलगा डोअरकीपर की यंत्रचालक? हेलच्या डब्याशी तिकीट तपासनिसाचा वेष घालून उभा असलेला माणूस रेल्वेचा नोकर नव्हता आणि नाटकातला नटही नव्हता. सव्वाशे वर्षे झाली, तो अजून दाराशीच उभा आहे.

खोपोलीस पट्टे तपासणाऱ्या मुलाशी मी रांगेत असताना दोन शब्द बोललो. तो उमरग्याकडचा निघाला. आपल्याकडची बोली ऐकून त्यालाही बरे वाटले. मी त्याला विचारले, “तू किती वेळा बसलास रे ह्यात?” तो म्हणाला, “दोनदा, काका. एकदा काम शिकताना, आन् एकदा आई आली होती तवा.” “आईला आवडलं का?” तेवढ्यात घंटा वाजली आणि तो पुढच्या खुर्चीवर वाकला.