पाण्याकाठच्या विश्रामवास्तू : नळदुर्ग ते वायंगिणी

धाराशिव जिल्ह्यात राहून समुद्रकाठच्या विश्रामवास्तूंविषयी लिहावयास बसणे हे काहीसे धारिष्ट्यच म्हणावे लागेल. आपल्याकडे अर्धे वर्ष पावसाची वाट पाहण्यात जाते, आणि समुद्र प्रत्यक्ष पाहिलेली माणसे आमच्या धर्मग्रामात फार नाहीत. मात्र नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवदर्शनाचा सोहळा झाला, त्यास आमच्यापैकी काही कुटुंबे जाऊन आली. परतीच्या आधी ती मंडळी आग्वादचा किल्ला पाहावयास गेली होती. दहावीत शिकणाऱ्या एका मुलीने आल्यावर मला विचारले, "फादर, किल्ल्याच्या तटाला लागून हॉटेल कसे काय बांधू दिले?" मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. प्रश्न मात्र मनातून गेला नाही. पुढील मजकूर त्याच प्रश्नाच्या पाठीमागे लागून जमविलेला आहे.

प्रारंभ आपल्या घरापासूनच करू. सोलापूर–हैदराबाद मार्गावर, तुळजापूर तालुक्यात नळदुर्गचा किल्ला आहे. बोरी नदीला तेथे दगडी धरण घालून किल्ला आणि समोरची रणमंडळाची टेकडी ही एकमेकांस जोडलेली आहेत, आणि त्या धरणाच्या पोटातच पाणीमहाल आहे. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशाह याच्या कारकिर्दीत, इसवी सन १६१३ मध्ये, तो पूर्ण झाला. नदी भरली की धरणावरून पाण्याचे दोन प्रवाह कोसळतात. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. महालाच्या खिडकीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे पाण्याचा पडदा पडत असतो आणि त्याच्या अंगावर शिंतोडा येत नाही. धरण, तटबंदी, पूल आणि राजाचे विश्रांतिस्थान अशी चार कामे एकाच भिंतीकडून करून घेणारा तो स्थपती खरोखर धन्य होय. १८५३ नंतर काही वर्षे येथील कारभार पाहणारा कर्नल मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी किल्ल्यातच राहत असे, आणि ही जागा त्याला फार आवडे. पाण्याकाठी सुखाने बसण्यासाठी वास्तू बांधण्याची हौस आपल्या कोरड्या मुलुखाला अपरिचित नाही, एवढे यावरून दिसते.

आता एक योगायोग पाहा. पाणीमहाल पूर्ण होण्याच्या अवघे एक वर्ष आधी, १६१२ मध्ये, पोर्तुगीजांनी मांडवीच्या मुखाशी आग्वादचा किल्ला पुरा केला. ज्या आदिलशाहीकडून त्यांनी १५१० मध्ये गोवा घेतला, तिचीच नळदुर्गची भिंत. आग्वाद हे नावही पाण्यावरूनच पडलेले आहे, कारण लांबच्या प्रवासाला निघणारी जहाजे तेथील झऱ्याचे व टाक्याचे गोडे पाणी भरून घेत. किल्ल्याचा एक भाग डोंगरमाथ्यावर आहे आणि दुसरा खाली सिकेरीच्या वाळूला टेकलेला. पुढे याच किल्ल्यात तुरुंग झाला आणि गोवामुक्तीच्या लढ्यातील कित्येक सत्याग्रहींनी तेथे शिक्षा भोगली.

गोव्यात आधुनिक हॉटेलाची सुरुवात समुद्रकिनाऱ्यावर झाली नाही, आणि तिचे निमित्तही ऐषआरामाचे नव्हते, ही गोष्ट आपल्या वाचकांना विशेष वाटेल. १९५२ हे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या मृत्यूचे चारशेवे वर्ष. त्या वर्षीच्या शवदर्शनास देशोदेशीचे यात्रेकरू येणार, त्यांची व्यवस्था कोठे करावयाची, या विवंचनेतून पणजीत नदीकाठी 'हॉटेल मांडवी' उभे राहिले. म्हणजे गोव्याचे पहिले आधुनिक हॉटेल हे एका अर्थी धर्मशाळेचेच अपत्य. पुढे १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, साठीच्या दशकाच्या अखेरीस पाश्चात्त्य हिप्पी कळंगुट, बागा, हणजुणे येथे येऊन राहू लागले, आणि जगाच्या नकाशात गोव्याची ओळख बदलली.

याच काळात जगभर पाण्याकाठच्या वास्तूंचे एक नवे शास्त्र तयार होत होते. काँक्रीट, सपाट छपरे, मोठाल्या उघड्या सज्ज्या, भिंतींऐवजी खांब, आणि नक्षीकामास जवळजवळ रजा. याचे एक उदाहरण ब्राझीलमधील आहे, आणि ते मला सांगितल्यावाचून राहवत नाही. बेलो होरिझोन्ते शहराचे महापौर कुबिशेक यांनी १९४० च्या सुमारास पांपुल्हा येथील कृत्रिम तलावाच्या काठी एक विहारस्थान करावयाचे ठरविले, आणि ऑस्कर नीमायर या तरुण स्थपतीकडे काम दिले. त्याने एक जुगारगृह, एक नृत्यशाळा, एक नौकाविहार-मंडळ आणि संत फ्रान्सिस असिसीकर यांचे एक ख्रिस्तमंदिर असा संच उभा केला! मंदिर १९४३ मध्ये तयार झाले. काँक्रीटच्या लहानमोठ्या कमानी लाटांसारख्या ओळीने मांडलेल्या, आत पोर्तिनारी या चित्रकाराचे काम. तेथील महागुरुस्वामींना मात्र ते मुळीच रुचले नाही, आणि १९५९ पर्यंत त्या मंदिराचे पवित्रीकरण झाले नाही. दरम्यान १९४६ मध्ये ब्राझीलने जुगारावर बंदी घातली, तेव्हा जुगारगृह ओस पडले आणि पुढे तेथे कलासंग्रहालय झाले. २०१६ मध्ये युनेस्कोने तो सारा परिसर जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. महागुरुस्वामींचे चुकले असे आज म्हणणे सोपे आहे. परंतु जुगारगृहाच्या शेजारी वेदी मांडावयास कोणता धर्मगुरू एकदम तयार झाला असता?

भारतात हे नवे शास्त्र आपल्या उन्हापावसाला जुळवून घेण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) यांचे नाव अग्रभागी आहे. मूळचे गोमंतकीय कॅथलिक घराणे, जन्म सिकंदराबादचा, शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात आणि नंतर अमेरिकेत. साबरमतीचे गांधी स्मारक संग्रहालय, भोपाळचे भारत भवन, नव्या मुंबईच्या आराखड्यातील वाटा, ही त्यांची कामे सर्वश्रुत आहेत. आपल्या वाचकांपैकी अनेकांनी त्यांची एक वास्तू आतून पाहिलेली असेल. दादरचे अवर लेडी ऑफ सॅल्व्हेशन, ज्याला सारी मुंबई 'पोर्तुगीज चर्च' म्हणते, त्याची परंपरा १५९६ पासूनची. परंतु आजची इमारत १९७० च्या दशकात कोरिया यांनी रचली. वर निमुळती होत जाणारी काँक्रीटची छपरे, त्यांतून वर निघून जाणारी गरम हवा, आणि झाकलेल्या जागांच्या मधोमध उघडी अंगणे. उष्ण प्रदेशात माणसाला बंद पेटी नको असते, वर आकाश असलेली जागा हवी असते, हा त्यांचा आयुष्यभराचा आग्रह होता. आपल्याकडील वाड्याचा चौक आठवला की हे म्हणणे पटावयास वेळ लागत नाही.

हाच विचार त्यांनी किनाऱ्यावर नेला. केरळात कोवळम येथे १९६९ ते १९७४ या काळात त्यांनी सरकारी पर्यटन महामंडळासाठी जे विश्रामस्थान बांधले, त्यात वाळूवर उंच इमारत उभी करण्याऐवजी खोल्या टेकडीच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी बसविल्या. त्यामुळे प्रत्येक खोलीला स्वतःची गच्ची मिळाली, आणि खालून पाहणाऱ्याला टेकडी टेकडीच दिसत राहिली. माथ्यावर त्रावणकोरच्या राजघराण्याचा १९३० च्या दशकातील वाडा होता. त्याच्याशी स्पर्धा केली गेली नाही. वारा अडवू नये, नजर अडवू नये, आणि आधीपासून जे उभे आहे त्याच्या मानाने वागावे, हा त्या पिढीतील चांगल्या स्थपतींचा शिरस्ता होता.

गोव्यात दोनापावलजवळ वायंगिणीच्या किनाऱ्यावर कोरिया यांनी १९७८ ते १९८२ मध्ये 'सिदाद दि गोवा' रचले. नावाचा अर्थ 'गोवा नगरी', आणि रचनाही नगरासारखीच : अरुंद बोळ, अवचित उघडणारे चौक, निळ्या, पिवळ्या, गेरूच्या रंगांच्या भिंती. गंमत अशी की तेथे काही दारे-खिडक्या खऱ्या आहेत आणि काही नुसत्या रंगविलेल्या. गोव्याच्या जुन्या घरांतील ओसरीवजा बाल्कांव, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, जांभ्या दगडाच्या भिंती यांची आठवण तेथे जागी ठेवली आहे. माझे वैयक्तिक मत विचाराल तर या नाटकीपणापेक्षा कोवळमचा अबोलपणा मला अधिक भावतो; परंतु पाहुण्यास गोव्याची ओळख करून देण्याची ती रीत कल्पक आहे, हे मान्य केले पाहिजे.

आग्वादचे हॉटेल याच्या थोडे आधीचे. ताज समूहाने ते १९७४ मध्ये सिकेरीला, जुन्या तटाच्या आश्रयाने सुरू केले. १९८३ च्या नोव्हेंबरात राष्ट्रकुलातील देशांचे प्रमुख दिल्लीच्या परिषदेतून विश्रांतीसाठी गोव्यात आले, तेव्हा ही जागा जगभर गाजली. त्या मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे : १९७४ मध्ये किनाऱ्यावर बांधकाम करण्याविषयी देशभर लागू होणारा नियमच नव्हता. नोव्हेंबर १९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारपट्टीच्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा मोकळा ठेवण्यास कळविले, आणि त्याला कायद्याचे रूप १९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेने मिळाले. २०१९ च्या नव्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला.

उरलेले अर्धे उत्तर अधिक अवघड आहे. छप्पर बुटके ठेवले, रंग गोव्याचे दिले, वारा खेळता ठेवला. पण गावकऱ्याच्या पायवाटेचे काय? किनारा म्हणजे रापणकारांचे अंगण. होडी ओढावयाची, जाळे वाळवावयाचे, माशांची वाटणी करावयाची, ती सारी वाळूवरच. १९८७ मध्ये 'जागृत गोंयकारांची फौज' या संघटनेने पंचतारांकित पर्यटनाविरुद्ध आवाज उठविला, तेव्हा कोणीही वास्तूच्या सौंदर्याला नावे ठेवत नव्हते. भांडण पाणी, जमीन आणि वाट यांविषयी होते. वायंगिणीचेही तेच झाले. किनाऱ्याकडे जाणारी परंपरागत वाट आणि हॉटेलचे वाढीव बांधकाम यांवरून खटला उभा राहिला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २० जानेवारी २००९ रोजी न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला. समुद्रकिनाऱ्यासारखी नैसर्गिक संपत्ती ही शासनाकडे जनतेची ठेव म्हणून असते, असे तत्त्व त्यात मांडलेले आहे. त्याच वर्षी गोवा शासनाने भूसंपादन कायद्यात दुरुस्ती करून ते बांधकाम पाडण्यापासून वाचविले. कोणाची बाजू किती खरी याचा निवाडा मी करणार नाही. मात्र वायंगिणीची वास्तू ज्या कौशल्याने रचली गेली, त्या कौशल्याच्या पोतडीत या वाटेचे उत्तर नव्हते, हे स्पष्ट आहे. नकाशावर वारा आणि ऊन दाखविणारे बाण स्थपती काढतो. सकाळी चार वाजता डोक्यावर टोपली घेऊन कोण कोठून जाते, याचा बाण तो क्वचितच काढतो. तो काढावयाचा कोणी, ग्रामसभेने की शासनाने, हे त्या काळी कोणी ठरविलेच नव्हते.

आता या आधुनिक वास्तूही जुन्या होत चालल्या आहेत. कोरिया यांनीच पणजीत मांडवीकाठी रचलेल्या कला अकादमीच्या खुल्या रंगमंचाचे छत, दुरुस्तीचे काम चालू असताना, १७ जुलै २०२३ रोजी कोसळले. चारशे वर्षांच्या पाणीमहालाला आपण वारसा म्हणतो; पन्नास वर्षांच्या काँक्रीटला तो मान द्यावा की नाही, याविषयी आपल्याकडे अजून एकमत नाही.

नळदुर्गचा महाल एका राजासाठी बांधलेला होता, आणि त्या खिडकीत बसण्याचा अधिकार फार थोड्यांना होता. आज पावसाळ्यात नर-मादी वाहू लागले की सोलापूर, उमरगा, तुळजापूर येथून माणसे गाड्या भरभरून येतात, आणि शेतमजुराचे पोर इब्राहिम आदिलशाहाच्या खिडकीला नाक लावून उभे राहते. सिकेरीलाही किल्ल्याचा एक बुरूज पाण्यात शिरलेला आहे. हॉटेलात पाऊल न ठेवता तेथवर चालत जाता येते. पुढच्या शवदर्शनास जाणाऱ्या कुटुंबांनी सायंकाळच्या सुमारास तेथे अवश्य जावे. एका बाजूला हॉटेलची कौलारू छपरे माडांत दडलेली दिसतात, दुसऱ्या बाजूला कांदोळीच्या होड्या, आणि बुरुजाच्या कठड्यावर गावातील माणसे पाय सोडून बसलेली असतात.