जुलैतली दुपार, पॅरिसच्या धोबीखान्यात

पदर खोचा. पदर नाही? बरं, घोळदार झगा आहे; तोच गुडघ्यापर्यंत वर बांधा आणि बाह्या सारा. साल 1868, पॅरिस, जुलैतली दुपार. तुम्ही एका खात्यापित्या घरातली मोलकरीण. झोपायला सहाव्या मजल्यावर कौलांखालची खोली, यायला-जायला मागचा अंधारा जिना. आणि बगलेत घरभरच्या चादरींचं गाठोडं.

आत या. भलीमोठी शेड आहे. वाफेनं समोरची बाई अर्धीच दिसते, पण तिचा आवाज पुरा ऐकू येतो. थाप, थाप, थाप: पन्नास बायका एकाच वेळी लाकडी थापीनं कपडे बडवताहेत. राखेच्या उकळत्या पाण्याचा भपकारा, साबण, घाम, आणि डाग घालवायच्या ज्याव्हेल पाण्याचा नाकात शिरणारा झणका. कोणीतरी शेजारणीच्या नवऱ्याचे वाभाडे काढतंय. ऐकायला मजा येतेय ना? ऐका, पण हात चालू ठेवा.

पहिल्या दोन चादरी झकास निघतात. तिसरी उचलताना काहीतरी बिनसतं. हात जागेवर आहे, चादर जागेवर आहे, पण उचलायचा हुकूम वाटेतच अडकतो. डाव्या डोळ्यापुढे धुरकट होतं. पाय दुखत नाहीत, धापही लागलेली नाही, म्हणजे ही नेहमीची दमणूक नव्हे. ती टेकलं की उतरते. तुम्ही बाकावर टेकता आणि ही उतरत नाही. तोंडातलं वाक्यसुद्धा अर्ध्यावर सोडून द्यावंसं वाटतं.

तुम्ही पुढच्या काळातून आलात म्हणून तुम्हाला ठाऊक आहे: हा मल्टिपल स्क्लेरोसिस. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण जागोजागी उडालेलं असतं, आणि शरीराचं तापमान अर्ध्या अंशानं वाढलं तरी अशा तंतूंतून संदेश पुढे सरकेनासा होतो. उष्णतेला सगळा दोष देऊ नका मात्र. गारठ्यात रात्रभर झोपून उठल्यावरही हा थकवा उशाशी बसलेला असतो. पण इथे हे कोणाला सांगणार? शेजारची बाई थापी न थांबवता म्हणते, "जेवली नाहीस काय गं?"

खरी पंचाईत दुसऱ्या दिवशी होते. रात्री पाऊस पडलेला, हवा गार. तुम्ही सकाळीच अंगणातून पाण्याच्या बादल्या वर आणता, जिना घासता, वर चांदीचे चमचेही लख्ख करता. मालकीणबाई दारात उभ्या राहून बघतात आणि स्वयंपाकिणीला म्हणतात, "मनावर घेतलं की जमतं तिला." झालं! आजच्या चांगल्या सकाळीनं कालची दुपार खोटी पाडली. या दुखण्यात माणूस रोज सारखंच आजारी असतं तर निदान विश्वास तरी बसला असता.

मग एक दिवस ताटं फुटायला लागतात आणि तुमची रवानगी साल्पेत्रिएरमध्ये होते. एके काळी इथे बंदुकीच्या दारूचा कारखाना होता. आता हजारो म्हाताऱ्या, आजारी, निराधार बायकांचं हे गावच आहे. खाटेला खाट, कोबीच्या सूपाचा वास, रात्रभर खोकला. इथले मोठे डॉक्टर म्हणजे शार्को. त्यांच्या स्वतःच्या घरात अशीच एक थरथरत्या हातांची मोलकरीण होती म्हणतात. बशा फुटत राहिल्या तरी त्यांनी तिला काढलं नाही, निरखत राहिले. बशांचा हिशेब कोणी भरला, ते सांगत नाहीत.

आज तुमची पाळी. खोली विद्यार्थ्यांनी गच्च, लोकरी कोटांना पावसाचा वास. शार्को पाण्याचा पेला उचलायला सांगतात. हात मांडीवर असतो तोवर शांत. पेल्याजवळ जाताच नाचू लागतो आणि पाणी झग्यावर. टाक सरसावतात. डोळ्यांची बुबुळं हलतात, लिहिलं. शब्द तुटक येतात, लिहिलं. या आजाराची ओळख म्हणून हीच तीन लक्षणं पुढे डॉक्टरांच्या पिढ्या पाठ करणार आहेत. औषधं म्हणून सोनं, चांदीचे क्षार, स्ट्रिक्नीन, सगळं चालू आहे, गुण यथातथाच.

खोली रिकामी होऊ लागते. थकवा तेवढा लिहायचा राहिला. पुढे या आजाराच्या दहांतले सात-आठ जण त्याचीच तक्रार करणार आहेत, म्हणून तुम्ही धीर करून शेवटच्या विद्यार्थ्याला गाठता. "साहेब, मला फार थकवा येतो हो."

तो टाक पुसत जांभई देतो. "कोणाला येत नाही, बाई?"

बिचारा पहाटेपासून उभा आहे.